चार सिलिंडरांचं बयान

दिगंबरकाका महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे तपासणी अधिकारी, म्हणून रिटायर झाले, पण बयान घेणं काही सुटलं नाही. दूध नासलं तर दूधवाल्याचं बयान. नळ आला नाही तर वॉटरमनचं. आणि दर रविवारी सकाळी, अंगणात बॉनेट उघडून, आपल्या गाडीच्या चार सिलिंडरांचं.

"बयान झाल्याबगर कोणाले कसूरवार धरायचं नाही," हे त्यांचं वाक्य गुडीहत्नूरच्या आमच्या गल्लीत पोराटोरांनाही पाठ आहे.

मी त्यांचा शेजारी. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे मी सांगणारच, कारण बापाने भाजी विकून शिकवलंय. काकांना मात्र माझ्या डिग्रीचा एकच उपयोग सापडला. "तू सायन्सवाला ना? बस आत. मी म्हणलो का सेल्फ मार." म्हणजे किल्ली फिरवायची.

गाडी जुनी डिझेल, टर्बोवाली. घेतली तेव्हा काका असे चालत, जणू टर्बो त्यांनाच बसवलाय. सुमनकाकू बिचाऱ्या सांगायच्या, "अवो, लय धूर सोडून राह्यली ही. ऑइलबी पिते. दाखवा ना कोणाले!"

"दरखास्त मिळाली," काका म्हणायचे. "मुलतवी."

मग एकदा दोघं बासरहून परतताना निर्मलच्या घाटात गाडीनं चढायचं सोडलं. काका उतरले, बॉनेट उघडलं आणि तिथेच त्यांची तहकीकात सुरू झाली. काकूंनी आतून एक हाक मारली. "थांब वं, पायून राह्यलो ना," काका म्हणाले. दुसरी हाक आली नाही. बॉनेट खाली केलं तेव्हा काकूंचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात सीटवरून खाली लोंबत होता. उशीर झाला, असं दवाखान्यात म्हणाले. त्या दिवसापासून काकू बोलत नाहीत. उजवा हात उचलत नाहीत.

गाडी ओढून अंगणात आणली. काकांना तेव्हापासून एवढंच ठरवायचं आहे. टर्बो घाटात अचानक गेला असेल तर तो अपघात, कोणाचाच कसूर नाही. पण इंजिनाचा दम वर्षानुवर्षं झिजत आला असेल, तर काकू सांगत होत्या ते खरं, आणि कसूरवार घरातच आहे.

म्हणून दर रविवारी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायचा. हीटर प्लग काढून त्या भोकात गेज आवळायचं, डिझेल बंद ठेवायचं, मी सेल्फ मारायचा. पिस्टन हवा दाबतो तसा गेजचा काटा चढतो आणि तिथेच अडकून राहतो. बाजूचं बटण दाबलं की उतरतो.

"एक नंबर, हाजिर हो!" काका ओरडायचे. एक नंबर हाजिर व्हायचा, पण अर्धमेला. दोन, तीन, चार, सगळे तसेच.

"बॅटरी कमजोर हाये. उपाशी गवाहाचं बयान धरत नसतेत."

बॅटरी चार्ज करून आणली. दाब कमीच. मग गेज बेइमान ठरलं. दुसरं मागून आणलं, तेही तेच बोललं. मग म्हणाले, "टर्बोच्या इंजिनात दाब मुळातच कमी ठेवतेत."

"ठेवतात काका, पण इतका नाही."

"तू गवाह हायेस का मुन्सफ?"

शेवटी मी हायवेवरच्या राजन्ना मेस्त्रीला घेऊन आलो. त्यानं टर्बो खोलून पाहिला, फुंकर मारली, हसला. "साब, टर्बो चंगा है. हर सिलिंडर में एक-एक चम्मच ऑइल डालके नापो. काटा चढा तो रिंगां घिस गए. इंजन एक दिन में नहीं मरता. इत्ती सी बात को काय को खींच रैं?"

काकांनी घरातून चमचा आणला. पण ऑइल ओतलं नाही. कितीतरी रविवार तो चमचा मडगार्डवर कोरडा पडून होता, आणि मी सेल्फ मारत होतो. हा माणूस मरेपर्यंत कोरडंच मोजणार, असं मला वाटायला लागलं.

परवाच्या रविवारी मी जरा उशिरा गेलो. फाटकातूनच चमचा दिसला, तेलकट. ड्रायव्हरच्या सीटवर काकू बसल्या होत्या, पाठीला उशी लावून. काकांनी त्यांची उजवी बोटं एकेक करून किल्लीवर बसवली होती आणि वरून आपला हात धरला होता.

"काका, मी मारतो ना."

"नाही. फिर्यादी ती हाये." मग काकूंच्या कानाशी वाकले. "सुमन, मार."

सेल्फ कण्हला. मी गेजकडे पाहिलं. काटा चढला होता. चांगलाच चढला होता.

"काका…"

"पाह्यला," ते म्हणाले. "मले ठावं होतं. घाटातच ठावं झालं होतं."

काकू समोर बघत होत्या. काका पुढे आले, गेजचं बटण दाबलं आणि काटा शून्यावर येईपर्यंत उभे राहिले. नंतर माझ्याकडे न बघता, फार हळू म्हणाले,

"मी मधातच हात काढून घेतला होता, समजलं? शेवटी किल्ली तिनं एकटीनं फिरवली."

गेज काढून दुसऱ्या भोकात आवळलं, परत गाडीच्या दाराशी गेले, काकूंच्याच पदरानं त्यांच्या ओठाची कड पुसली.

"अजून एकदा मार वं," म्हणाले. "दोन नंबर राह्यला."