चौथ्या चाकाखालचं लिंबू

चाकं चार, लिंबं तीन.

नवी गाडी लिंबं चिरडल्याशिवाय रस्त्याला लावायची नाही, असा घरमालकीण कृष्णवेणीअक्कांचा हुकूम होता. अक्कांचं घराणं बंगळुरूच्या बसवनगुडीत दोनशे वर्षं, भाडेकरू सुहास सहा वर्षं. त्यामुळे त्याने वाद घातला नाही. काटोलहून बाबांना व्हिडिओवर पूजा बघायची होती म्हणून तो वर मोबाइल आणायला गेला. खाली आला, तर लिंबं चार.

"अरे वा! कुठून मिळालं, अक्का?"

"मिळालं अप्पा. बस तू आत. राहुकाळ लागायचा. स्वल्प पुढं घे."

त्याने गाडी स्वल्प पुढे घेतली. फच्. फच्. फच्.

आणि मागे उजवीकडे, जरा मोठ्याने, फटाक.

"अक्का... चौथं कुठलं होतं?"

"गच्चीवरच्या तुझ्या ड्रममधलं. एकच तर लागलं होतं."

एकच लागलं होतं. चार वर्षांत एक. बाबांची संत्र्याची बाग हायवेत गेली, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कलमासाठी कापलेली डोळकाडी. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेली. जंबेरी लिंबाच्या रानटी खुंटावर सुहासने स्वतःच्या हाताने बांधलेला डोळा. शुक्रवारी बाबा ते संत्रं खायला येणार होते. तिकीटही काढलं होतं.

"ते संत्रं होतं हो!"

"संत्रं? छे! लिंबूच ते."

सुहास चाकापाशी पालथा पडला. "अरे, शर्ट नवीन आहे!" मोबाइल धरून उभी असलेली त्याची बायको सिद्धी ओरडली. अर्धं फळ गेलं होतं, अर्धं शाबूत होतं. त्याने एक फोड सोलून तोंडात टाकली.

त्याचा उजवा डोळा गच्च मिटला.

जंबेरी. कानशिलापर्यंत झिणझिण्या आणणारी, अस्सल, रानटी जंबेरी. गेल्या वर्षी वर एक मरतुकडी फांदी उरली होती. खालच्या जोमदार, काटेरी फांद्यांचं खत ती उगाच खाते, म्हणून त्यानेच ती छाटली होती. कात्री डेटॉलने धुऊन.

बाबांचं संत्रं त्याने छाटलं होतं. खुंटाला शेणखत घातलं होतं.

"फुटलं का बे?" मोबाइलमधून बाबांचा आवाज आला. सिद्धीने स्क्रीन खाली धरली. "जाऊ दे. कसं लागते, तेवढं सांग. गोड आहे का?"

सुहासचा उजवा डोळा उघडत नव्हता.

"गोड आहे, बाबा. आपल्या बागेतल्यासारखंच."

तिकडे बाबांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसला. पुन्हा लावला.

"मग पूरं खा. वाया नको घालवू. शेवटलं आहे ते. मी पाहतो."

सुहासने दुसरी फोड सोलली. गल्लीतले लोक बघत होते. बाबा बघत होते. तिसरी. चौथी.

अक्का आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या.