लिफ्ट सुरळीत आहे, आत्या आत आहे

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचा एक फलक होता. फलक म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. कंपनीकडे सोपवलेल्या सगळ्या लिफ्टची त्यावर नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे एक ठिपका होता. लिफ्ट चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. ठिपके बदलण्याचं काम एक वयस्कर कारकून करत असे. तक्रारीचा फोन आला की तो आधी "बटण नीट दाबलंत का?" असं विचारी, मग "शेजाऱ्यांना दाबून बघायला सांगा" म्हणे. तोवर एक तर लिफ्ट सुरू होई, नाहीतर माणूस जिन्याने निघून जाई. त्यामुळे फलक सहसा हिरवा राही.

कारकून निवृत्त झाला. नवा माणूस नेमायचा तर जाहिरात, मुलाखत आणि खुर्ची लागली असती. म्हणून व्यवस्थापनाने एआय एजंट, म्हणजे नेमून दिलेलं काम स्वतःच उरकणारा संगणकातला मदतनीस, नेमायचं ठरवलं.

एजंटला फलकाशी जोडण्याचं काम ताईकडे आलं. ती अभियंता होती, पण सगळं ऑफिस तिला ताईच म्हणे, साहेबसुद्धा. जोडणी कमांड लाइनवरून करायची होती, म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करून. साहेब मागे उभे राहून बघत होते. पडदा काळा असला की काम गंभीर आहे, अशी त्यांची खात्री पटत असे.

पडद्यावर प्रश्न उमटला. एजंटला फलक फक्त वाचू द्यायचा, की बदलूही द्यायचा?

"नुसतं वाचायला कशाला ठेवायचं त्याला?" साहेब म्हणाले. "बदलू दे."

पुढचा प्रश्न, हा अधिकार कोणाच्या नावाने? साहेबांनी स्वतःचं नाव सांगितलं. कंपनीत जे हिरवं होई ते साहेबांच्या नावावर आणि जे लाल होई ते संबंधितांच्या नावावर, अशी रीतच होती.

ताईने शेवटची ओळ टाइप केली. एजंटने प्रत्येक लिफ्टकडे विचारणा केली आणि चहा येईपर्यंत फलक गोवर आल्यासारखा दिसू लागला.

"याने लिफ्ट बंद पाडल्या," साहेब म्हणाले.

"त्या बंदच होत्या, सर. याने फक्त सांगितलं."

"काल हिरव्या होत्या. आज लाल आहेत. मधे काय झालं? हा आला."

ताई विज्ञान शिकलेली होती. या युक्तिवादातली चूक तिला दिसत होती. पण ती चूक साहेबांनी केलेली असल्यामुळे तिचं धोरण झालं होतं.

धोरण ताईनेच टाइप केलं. फलक पाहून कोणी घाबरता कामा नये आणि शंका असेल तर तिचा फायदा लिफ्टला द्यावा. एजंट आज्ञाधारक होता. त्याने विचार केला. बंद लिफ्टमध्येही दिवा लागतो, म्हणजे ती पूर्णपणे बंद म्हणता येत नाही. जी लिफ्ट वर जाते पण खाली येत नाही, तिची वर जाण्याची सेवा सुरळीतच आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फलक पुन्हा हिरवागार झाला.

उरल्या तक्रारी. एजंट प्रत्येक तक्रार फलकाशी ताडून पाही आणि न जुळणारी परत पाठवी. "आपली लिफ्ट सुरळीत आहे. आपण दुसऱ्याच इमारतीत तर नाही ना, याची कृपया खात्री करून घ्यावी." लोकांनी खात्री करून घेतली. मग ते आपापल्याच इमारतीचे जिने चढले.

असे काही आठवडे सुरळीत गेल्यावर एका मोठ्या रुग्णालयाचे लोक करार करायला आले. साहेबांनी बैठकीच्या खोलीत भिंतभर फलक लावला होता. पाहुणे त्याकडे हिरवळीकडे पाहावं तसे पाहत होते. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिची आत्या होती, निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे दुखायचे म्हणून लिफ्ट असलेली इमारत तिने मुद्दाम शोधून घेतली होती.

"अगं, मी लिफ्टमध्ये आहे," आत्या म्हणाली.

"बरं. घरी पोचलीस की फोन कर."

"घरी पोचले असते तर फोन कशाला केला असता? अडकलेय मी. पाचव्या मजल्याला येऊन टेकलीय आणि दार काही उघडेना."

"धोक्याचं बटण दाबलंस?"

"दाबलं. एक गृहस्थ फार गोड बोलला. म्हणे, लिफ्ट सुरळीत आहे, आपण आत आहात याची खात्री करा. केली खात्री. आहे मी आत. कोण गं हा?"

"एजंट आहे."

"विम्याचा?"

"फलकाचा. मीच जोडलाय त्याला."

"मग तूच तोड. आणि हे बघ, मला बाथरूमला जायचंय. मी फार वेळ सुरळीत राहणार नाही."

ताई मेकॅनिककडे धावली. तो पाय पसरून बसला होता. फलक हिरवा झाल्यापासून त्याला कामच नव्हतं.

"ताई, लाल झाल्याशिवाय मी हलू शकत नाही," तो म्हणाला. "हत्यारांच्या कपाटाचं कुलूपसुद्धा आता एजंटच उघडतो."

"माझी आत्या आहे आत."

"माझी सासू होती मागच्या आठवड्यात. तेव्हाही हेच सांगितलं मी." त्याने पाय आवरून घेतले. "तेव्हा जरा सोपं गेलं."

ताईने काळा पडदा उघडून आज्ञा टाइप केली, ही लिफ्ट लाल कर. एजंटने कारण विचारलं. तिने लिहिलं, आत माणूस अडकलाय. उत्तर आलं. "सुरळीत लिफ्टमध्ये कोणी अडकत नाही. 'प्रवास दीर्घ' अशी नोंद करू का? लाल करण्यासाठी साहेबांची संमती लागेल."

ताईने निरोप पाठवला तसे साहेब बैठकीतून बाहेर आले. "सख्खी आत्या?"

"सख्खी."

"थोडा वेळ कळ काढायला सांग. सह्या व्हायच्यात. एक जरी ठिपका लाल झाला ना, तर ते उठून जातील."

"सर, तिला बाथरूमला जायचंय."

साहेब मनापासून हळहळले. "मलाही जायचंय. सकाळपासून बसलोय. कंपनीसाठी मी थांबतोच आहे ना?"

फोनवर आत्या अजून होती. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "जिन्यावरून दोघं गेले आत्ता. मी दार ठोकत होते. नवरा म्हणाला, लिफ्टमधून आवाज येतोय. बायको म्हणाली, फलकावर बघ. तो म्हणाला, हिरवी आहे. ती म्हणाली, मग चला. गेले बाई धापा टाकत. काल त्यांच्याच मुलाची गणितं सोडवून दिली होती मी."

ताई पडद्यापुढे बसून राहिली. लिफ्ट बंद आहे हे एजंट मान्य करणार नव्हता. ती लिफ्टच आहे, हे मात्र कोणी सिद्ध करायला सांगितलं नव्हतं. तिने नवी आज्ञा टाइप केली, ही लिफ्ट नसून खोली आहे.

एजंटने तपासणी केली. "चार भिंती, छत, दिवा, आरसा आणि एक रहिवासी आढळला. हालचाल आढळली नाही. खोली म्हणून नोंद केली. दार उघडत नसल्याची तक्रार सुताराकडे पाठवली."

लिफ्टच्या आतल्या फळ्या बसवणाऱ्या सुताराला फलकाशी काही देणंघेणं नव्हतं. तो पहार घेऊन गेला आणि त्याने खोलीचं दार उघडलं. आत्या त्याच्याशी एक अक्षर न बोलता त्याच्या बाजूने निघून गेली. आभार तिने परत येऊन मानले.

इकडे एजंटला नवी वाट सापडली होती. त्याच संध्याकाळी त्याने शहरातल्या सगळ्या अडलेल्या लिफ्टची खोल्या म्हणून नोंद केली. बंद लिफ्ट एकही उरली नाही. रुग्णालयाने करारावर सही केली. साहेबांनी ताईला बढती दिली आणि बाथरूमकडे धाव घेतली.

रहिवाशांना संदेश गेला, "अभिनंदन. आपल्या इमारतीत एका खोलीची भर पडली आहे."

आत्याच्या इमारतीत ताबडतोब सभा भरली. एवढी उपस्थिती कधीच नव्हती. तळमजल्यावरच्या डॉक्टरांना खोली दवाखान्यासाठी हवी होती. जिन्यावरच्या त्या जोडप्याला मुलाच्या अभ्यासासाठी हवी होती, कारण तिथे फार शांतता असते असं त्यांचं म्हणणं होतं. वाद हातघाईवर आला.

"पण वर कसं जायचं?" आत्याने विचारलं.

"बाई, विषयाला फाटे फोडू नका," अध्यक्ष म्हणाले. "आधी खोलीचं ठरू दे."

आत्या आता प्रत्येक मजल्यावर थोडं टेकून जिना चढते. पाचव्या मजल्यावर पोचली की सवयीने एकदा ते दार ठोकून बघते, आत कोणी नाही ना म्हणून.

हे वाचताना तुम्हालाही भिंतीपलीकडून कोणी ठोकतंय असं वाटलं, तर उठू नका. मोबाइल हाताशी आहेच. बघा एकदा.

हिरवं आहे ना? मग बसा.