बर्फाचे एकवीस कंदील

मी ठरवलं की होतंच! या वेळी ठरवलं होतं, आईला काळोखाच्या प्रेमात पाडायचं. तेही एका दुपारीत!

वेळही तशीच आली होती. आई तुर्कूची, म्हणजे फिनलंडच्या पार दक्षिणेची. तीन वर्षांपूर्वी आम्ही पार उत्तरेला लॅपलँडात, बाबांच्या गावी राहायला आलो. इथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. मला भारी आवडतं. भर दुपारी आकाश शाईसारखं निळं, आणि बर्फ आपला आपणच उजळलेला! आई मात्र फ्रीजमध्ये विसरलेल्या काकडीसारखी सुकत चालली होती. तुर्कूच्या वाचनालयात तिला जुनी नोकरी परत मिळत होती. सोमवारी तिने होकार कळवला, की आम्ही निघालोच!

शनिवार उजाडला. (म्हणजे घड्याळात.) बाबा बर्फ काढायचा ट्रॅक्टर घेऊन गेले होते. मी आदल्या दिवशीच घरातल्या सगळ्या बादल्या पाणी भरून अंगणात ठेवल्या होत्या. कडेचं पाणी गोठतं, बर्फ बादलीतून काढून मधलं पाणी ओतून द्यायचं, पोकळीत मेणबत्ती लावायची. झाला कंदील! बादल्या संपल्यावर सुपाचं पातेलं घेतलं. मग बाबांचं हेल्मेट. एकूण एकवीस! घरापासून तळ्याकाठच्या आमच्या सौनापर्यंत, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीपर्यंत, रांग लावली, सौना तापवला आणि तळ्याच्या बर्फात बुडी मारण्यापुरतं भोक पाडलं.

"आई, एकटीने जायचं. वाफ, शांतता, काळोख. बघ तर!"

"इंका, बाहेर उणे चोवीस आहे."

"सौनात ऐंशी आहे. सरासरी काढ!"

आई गेली. मी स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात शेजारच्या आउने काकू आल्या. खांद्यावर टॉवेल, हातात सॉसेजचं पाकीट.

"आत किती जणी आहेत गं?"

त्यांच्या मागे आणखी सहा बायका! त्यांच्या मागे पुरुष, तेही टॉवेल घेऊन!

"काकू, आत आई आहे! एकटी! कपड्यांशिवाय!"

"मग सौनात काय कोट घालून बसायचं?"

"पण तुम्हाला बोलावलं कुणी?"

"तूच की! तळ्यापर्यंत कंदील लावले म्हणजे सौना तापलाय, सगळ्यांनी या. आमच्या लहानपणापासून असंच आहे. बारा वर्षांनी लागले बघ!"

सात बायका आत शिरल्या. मी दाराला कान लावला. आत चिडीचूप. संपलं! आई आता सोमवारची वाटसुद्धा बघणार नाही!

मग आईचा आवाज आला, अगदी हळू. "तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी आमच्याकडे आलंय."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला निवांतपणा आवडतो," काकू म्हणाल्या. "उगाच कशाला त्रास द्यायचा!"

"अहो, मलाही वाटलं, तुम्हालाच आवडतो!"

 मग आठ जणी एकदम हसल्या.

मी दाराबाहेर उभी राहून विचार करत राहिले. तीन वर्षं मी काळोखाची बाजू मांडत होते, आणि आईचं त्याच्याशी भांडण नव्हतंच! तिला फक्त त्यात बसायला सोबत हवी होती. ही साधी गोष्ट मला एकवीस कंदील लावूनही कळली नव्हती.

धाडकन दार उघडलं! वाफाळलेल्या आठ बायका तळ्याकडे पळत सुटल्या आणि सगळ्यांत पुढे आई! पुरुष मंडळींनी शिस्तीत पाठ फिरवली आणि स्वतःच पेटवलेल्या शेकोटीवरच्या सॉसेजकडे लक्ष दिलं. एकेक किंकाळी ऐकू आली. आई भोकातून वर आली, टॉवेल गुंडाळून बर्फावरच उभी राहिली. अंगातून वाफा निघत होत्या.

"इंका! अगं, हे निळं केवढं सुंदर आहे!"

"आई, ते तीन वर्षं तसंच आहे."

सोमवारी आईने वाचनालयाला नकार कळवला. सगळं श्रेय मीच घेणार होते. पण शनिवारी निघताना आउने काकूंनी विचारलं होतं, "मग पुढच्या आठवड्यात?"

"दर शनिवारी!" आई म्हणाली. "इंका तापवेल की!"

सौना तापायला चार तास लागतात. लाकडं मी फोडते. काळोखात काय मजा असते, ते आता आईलाच विचारा!