केरोबा धनेशाची साप्ताहिक आव्हाने

एका जंगलात केरोबा नावाचा एक धनेश राहत होता. धनेश म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. चोच एवढी मोठी, की तो समोरून आला तर आधी चोच येते आणि थोड्या वेळाने धनेश येतो. हसू नका. तुमच्या वर्गातही तसली एकदोन नाके असतील.

केरोबाच्या बायकोचे नाव सारजा. दोघांचा संसार सुखाचा होता. म्हणजे सारजा बोलत असे आणि केरोबा मान हलवत असे.

आता धनेशांची एक रीत आहे, ती नीट ऐका. अंडी घालायची वेळ आली, की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून बंद करते. चोच बाहेर निघेल एवढीच एक फट ठेवते. आत बसल्यावर तिची पंखांची पिसे गळतात, त्यामुळे उडायचे म्हटले तरी उडता येत नाही. अंडी उबवायची, पिल्ले वाढवायची, सगळे त्या काळोखात. बाहेर साप येवो की उदमांजर येवो, मध्ये भिंत असते.

आणि पोटाचे काय? ते नवऱ्याने बघायचे. त्याने उंबराच्या झाडावर जायचे, घसा भरून उंबरे आणायची, ढोलीपाशी येऊन हाक मारायची आणि फटीतून एकेक उंबर आत द्यायचे. नवरा आला नाही तर? तर आतले सगळे उपाशी. एवढे साधे आहे.

केरोबा तसा चांगला नवरा होता. सारजा ढोलीत बसल्यापासून त्याने एकही खेप चुकवली नव्हती. उंबर, ढोली, उंबर, ढोली. पण मनातून तो खट्टू होता. वाटेत पोपट भेटून विचारी, "काय केरोबा, काय चाललंय?" केरोबा म्हणे, "काही नाही, नेहमीचंच." आणि असे म्हणताना त्याला अगदी कसनुसे होई. एवढे राबायचे, आणि सांगायला काय, तर नेहमीचेच!

अशातच जंगलात सरडे सर आले.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणतात. पण त्या जंगलाला कुंपणच नव्हते. त्यामुळे सरांची धाव कुठेही जात असे. ते दर सोमवारी सकाळी एका काळ्या कातळावर चढत आणि भाषण करीत.

"मी सकाळी हिरवा होतो," सर म्हणाले. "आता तपकिरी आहे. संध्याकाळी पिवळा असेन. आणि तुम्ही? काल जे होतात, तेच आज आहात. मनाला काही वाटतं का?"

सगळ्यांना मनाला वाटले. गव्याने तर मान खाली घातली. तो जन्मापासून गवाच होता.

मग सरांनी उपाय सांगितला. दर आठवड्याला स्वतःला एक नवे आव्हान द्यायचे. सात दिवस ते पाळायचे आणि पुढच्या सोमवारी कातळावर येऊन सगळ्यांना सांगायचे. जो पाळील, त्याच्या गळ्यात गुळवेल.

पहिल्या आठवड्याचे आव्हान होते, उजाडायच्या आत उठणे. केरोबा उठला. अंधारात उंबराच्या झाडावर दोनदा आपटला, चोचीला जे लागले ते घेऊन आला आणि त्याने ढोलीपाशी हाक मारली. सारजाने डोळे चोळत चोच बाहेर काढली.

"अहो, हे उंबर नव्हे. हा दगड आहे."

"पण पहाटेचा आहे," केरोबा म्हणाला.

सोमवारी त्याच्या गळ्यात वेल पडली. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. केरोबासाठी आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि खोटे कशाला बोलू, टाळ्या उंबरापेक्षा गोड असतात.

मग काय, केरोबाला नादच लागला. एक आठवडा त्याने एका पायावर काढला. एक आठवडा कृतज्ञतेचा होता. त्यात तो उंबर तोडण्याआधी प्रत्येक उंबराचे आभार मानी, फांदीचे मानी, झाडाचे मानी, आणि त्याचे आभार आटोपेपर्यंत बुलबुल झाड साफ करून जात. त्या आठवड्यात सारजाला उंबरे थोडी आणि आभार फार मिळाले.

तरी ती काही बोलली नाही. तेव्हा अंडी होती, आणि अंड्यांना भूक नसते.

पण पुढच्या आठवड्यात अंडी फुटली. दोन पिल्ले बाहेर आली. दोन्ही पिल्ले म्हणजे नुसत्या उघड्या चोची. आणि नेमके त्याच सोमवारी सरांनी मौनाचे आव्हान दिले.

केरोबा घसा भरून उंबरे घेऊन आला आणि ढोलीपाशी गप्प बसला. हाक नाही. आतून सारजाला नुसती पंखांची फडफड ऐकू आली. तिने पिल्लांना पोटाखाली घेतले आणि ती श्वास रोखून बसली. हाक न मारता दाराशी येतो तो नवरा नसतो, हे धनेशिणींना आईच्या दुधासारखे, म्हणजे आईच्या उंबरासारखे, लहानपणीच पाजलेले असते.

केरोबाने चोचीने भिंतीवर टकटक केली. सारजा आणखीच आत सरकली. इकडे नवरा भरल्या घशाने उभा, तिकडे बायको रिकाम्या पोटी दडलेली. सगळी सकाळ गेली.

शेवटी वरच्या फांदीवर राहणाऱ्या गोदाकाकूंना राहवले नाही. गोदाकाकू शेकरू होत्या. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. त्यांचे लक्ष सगळीकडे असे.

"अगं सारजे, काढ चोच बाहेर," त्या ओरडल्या. "तुझाच नवरा आहे."

"कशावरून?"

"गळ्यात तीन वेली आहेत आणि तोंडावर शहाणपण नाही."

सारजाने लगेच चोच बाहेर काढली. उंबरे घेतली, पिल्लांना भरवली आणि मग फटीला डोळा लावून म्हणाली, "अहो, ऐकता का? मला तुमच्या वेली नकोत. पिल्लं भुकेली असतात. तुम्ही आपले नेहमीसारखे या, हाक मारा, उंबर द्या आणि जा. तेवढं पुरे आहे मला."

केरोबाला याचे उत्तर द्यायचे होते. पण मौन होते. शिवाय 'नेहमीसारखे' हा शब्द त्याला फार लागला. आपण एवढे बदलत चाललो आहोत, आणि बायको आपल्याला पुन्हा नेहमीसारखे करू बघते, असे त्याला वाटले. सोमवारी त्याने चौथी वेल घेतली.

त्या सोमवारी सर गंभीर होते. "आता मोठं आव्हान," ते म्हणाले. "ज्याच्याशिवाय तुमचं चालत नाही, जे तुम्ही रोज करता, ते एक आठवडा सोडा."

माकडांनी उड्या सोडल्या आणि ती जमिनीवर रांगेत बसली. अस्वलाने मध सोडला, निदान दिवसा. वाघाने मांस सोडल्याचे जाहीर केले. त्याचे अभिनंदन करायला जवळ मात्र कोणी गेले नाही.

केरोबा विचार करू लागला. आपण रोज काय करतो? आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तडक ढोलीकडे गेला.

"सारजा, या आठवड्यात मी खेपा करणार नाही."

"कुठं गावाला जाताय का?"

"गावाला कशाला? समोरच्या झाडावर तर बसणार आहे. फक्त उंबर आणणार नाही. फार कठीण आव्हान आहे गं. तू जरा साथ दे."

सारजाने पिल्लांकडे पाहिले.

"अहो, पिल्लं काय खातील?"

"सात दिवसांचा तर प्रश्न आहे," केरोबा म्हणाला.

बाळांनो, इथे मला केरोबाचा राग येतो. तुम्हालाही येऊ द्या. तो वाईट नव्हता हो. वाईट असता तर एवढा राग आला नसता.

तो खरोखरच समोरच्या झाडावर जाऊन बसला. आणि ते त्याला फार जड गेले, हेही सांगितले पाहिजे. पिल्लांचे ओरडणे ऐकू आले की त्याचे पंख आपोआप उघडत. तो ते मिटून घेई, डोळेही मिटून घेई आणि मनाला म्हणे, 'घट्ट हो.' गोदाकाकू जांभळे आणून फटीतून आत ढकलत. पण शेकराच्या तोंडात मावून मावून किती मावणार? सारजा एकही जांभूळ स्वतः खात नसे.

"मेल्या, लाज वाटते का?" गोदाकाकू समोरच्या झाडाकडे बघून ओरडत. केरोबा मान वळवी. टीका होणारच, असे सरांनी आधीच सांगून ठेवले होते.

दिवसामागून दिवस पिल्लांचे ओरडणे बारीक होत गेले. केरोबाला भरून आले. एवढीशी पिल्ले, पण आव्हानात कशी साथ देताहेत, असे त्याला वाटले.

सोमवार उजाडला. केरोबा कातळावर चढला आणि त्याने सगळे सांगितले. सभा हेलावली. माकडिणींनी डोळे पुसले.

"पोटची पिल्लं डोळ्यांसमोर उपाशी, आणि हा जागचा हलला नाही!" सरडे सर म्हणाले. "याला म्हणतात मनोनिग्रह!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर सगळ्यात लांब वेल घेऊन पुढे आले. आणि तेवढ्यात जाळीतून कोणीतरी धडपडत बाहेर आले.

ती सारजा होती. चोचीला वाळलेला चिखल, अंगावर अर्धवट फुटलेली पिसे. भिंत वाळून दगडासारखी झाली होती, आणि ती तिने उपाशी पोटी चोचीने फोडली होती. उडता येत नव्हते, म्हणून फांदीवरून फांदीवर आणि मग जमिनीवरून उड्या मारत ती आली होती. फुटक्या ढोलीच्या तोंडाशी गोदाकाकू शेपटी फुलवून राखणीला बसल्या होत्या.

"या, या ताई," सर म्हणाले. "आपण कोणतं आव्हान घेतलं होतं?"

"मी?" सारजा म्हणाली. "मी घरीच होते."

"असू दे, असू दे. घरी राहूनही थोडंफार करता येतं," सरांनी तिला धीर दिला.

सारजा कातळावर चढली. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. ती सरांकडे पाहत होती. निरखून पाहत होती, शेंड्यापासून शेपटीपर्यंत.

एक गोष्ट सांगायची राहिली. धनेश नुसती फळे खात नाहीत. वाढत्या पिल्लांना अंग धरायला काही वेगळेही लागते, आणि त्या कामी सरड्यासारखे दुसरे काही नाही. वर उडवायचा, चोचीत झेलायचा, संपले. केरोबाला हे ठाऊक होते, पण गुरू म्हटल्यावर त्याच्या मनात तसले काही येत नसे. सारजा काही सरांची शिष्या नव्हती.

आणि सरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मनात नसताना रंग बदलला. ते पांढरेफटक पडले.

"सर," सारजा शांतपणे म्हणाली, "पुढच्या आठवड्याचं आव्हान काय ठरलंय?"

"ठरलंय म्हणजे... तसं अजून... ताई, तुम्हीच सुचवा ना!"

सारजाने चोच सरांच्या कानाजवळ नेली. सरड्याला कान कुठे असतो ते तिला नक्की माहीत नव्हते, म्हणून तिने ती मानेजवळ नेली. ती दोन वाक्ये बोलली. मग सर सभेकडे वळले.

"मित्रांनो, आता आजवरचं सगळ्यात अवघड आव्हान. रोज तेच काम करायचं. उंबरं आणायची, हाक मारायची, द्यायची, पुन्हा जायचं. कंटाळा आला तरी. कोणी बघत नसलं तरी."

सभेत कुजबुज सुरू झाली. "रोज तेच? बाप रे!" माकडांनी तर कानांवर हात ठेवले. गवा म्हणाला, "मी तर जन्मापासून रोज तेच..." पण त्याचे कोणी ऐकले नाही.

"किती दिवस?" केरोबाने विचारले. त्याचे डोळे चमकू लागले होते.

सरांनी सारजाच्या चोचीकडे पाहिले. "पिल्लं उडेपर्यंत."

"घेतलं!" केरोबा ओरडला आणि उडाला.

सारजा परत ढोलीपाशी पोहोचली, तोवर केरोबाच्या दोन खेपा झाल्या होत्या. तिने पिल्लांना पोटभर भरवले, स्वतः खाल्ले, आत शिरली आणि भिंत पुन्हा लिंपून घेतली.

केरोबाने पुढे एकही खेप चुकवली नाही. आता लोक मुद्दाम बघायला येत. आया लेकरांना दाखवत, "बघ, हे केरोबाकाका. बायकोला रोज उंबर नेऊन देतात. रोज!" पोपटाने विचारले, "काय केरोबा, काय चाललंय?" तर केरोबा छाती पुढे काढून म्हणे, "आव्हान."

पिल्ले उडाली, त्या दिवशी जंगलाने केरोबाची मिरवणूक काढली. पाचवी वेल जंगलातल्या मंडळींनीच घातली, कारण सारजा सभेत आली त्या सोमवारनंतर सरडे सर कातळावर आले नाहीत. कुठे गेले कोणास ठाऊक. पिल्ले मात्र चांगली अंगाने भरली होती.

तात्पर्य : कर्तव्य नेमाने करणाऱ्याला कोणी कुत्रे विचारत नाही. म्हणून ते आधी सोडून द्यावे आणि मग आव्हान म्हणून हाती घ्यावे. आणि गुरू करायचाच झाला, तर आपल्या बायकोच्या चोचीत मावेल एवढाच करावा.