बावणे सरांचे थर

बावणे सर कुणाच्याही घरी आले की आधी करंगळी टेकवतात. भिंतीला, पापडाला, आमच्या दाराच्या नव्या वार्निशला. "वाळलं नाई अजून," म्हणतात आणि मगच बसतात. वाशीमला आमच्या शेजारचं घर त्यांचं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, आता मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं काढतात.

त्यांची पद्धत सगळ्या गल्लीला पाठ आहे. आधी अ‍ॅक्रिलिक गॉश, म्हणजे पाण्यात कालवायचा दाट रंग. तो घटकेत वाळतो आणि पुन्हा पाण्यानं हलत नाही. त्यावर तैलरंगाचे पातळ, आरपार दिसणारे थर. एक वाळला की दुसरा. "खालचं पक्कं पायजे, मंग वरून कितीक चढवा!" हे वाक्य ते चित्राला लावतात, घराच्या प्लास्टरला लावतात आणि माझ्या मुलाच्या गणितालाही लावतात.

एकदा त्यांना स्वदेशीचा झटका आला. "जवस आपल्या वावरात पिकते, मंग तेल दुकानातून कायले आणू?" घाण्यावरचं जवसाचं तेल त्यांनी रंगात घातलं. चित्र काही केल्या वाळेना. गच्चीवर आमच्या कुरड्यांशेजारी उन्हात ठेवलं, तर चित्रातल्या राजवाड्यावरच्या आकाशात दोन माश्या चिकटल्या. काकू, म्हणजे सरांची बायको, म्हणाल्या, "राहू द्या, पाखरं दिसतेत." सरांनी तसंच पाठवलं. पुस्तकात माश्या छापूनही आल्या.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्याशिवाय गच्चीवर जायला मला नको वाटतं.

परवा सरांच्या प्रकाशकाचा फोन मला आला. सर उचलत नव्हते. एका चित्रापायी पुस्तक अडलं होतं: चुलीपाशी बसलेली आई. आता आलं नाही तर दुसऱ्याकडून काढून घेणार होते. मी लगेच शेजारी गेले.

"वाळून राह्यलं," सर म्हणाले.

मी चित्र पाहिलं. चुलीपाशी काकू बसल्या होत्या.

"फोटोवाल्यानं तिले गोरीपान करून ठेवलं," सर म्हणाले. "एकच फोटो हाये, त्यातबी ती नाई. खाली निळा देऊन पाह्यला, वरून तांबडा, पिवळा. संध्याकाळी बरोबर वाटते, सकाळी पाह्यलं तर कोनी दुसरीच बसली असते." मग खाली बघत म्हणाले, "मी तिचा रंग इसरून राह्यलो, बाई."

मला रडूच आलं. कुरड्या घालताना काकू आपला हात माझ्या हाताला लावायच्या आणि हसायच्या, "तू माह्यापेक्षा चिमूटभर उजळ!" मी बाही वर सारली आणि हात चित्राशेजारी धरला. "सर, याच्याहून चिमूटभर सावळ्या."

सरांनी माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. रंग कालवला, काकूंच्या गालावरून एक पातळ थर फिरवला आणि मागे सरले.

"लय येळ लावला तुनं यायले," ते चित्राला म्हणाले.