शिल्लक जखमी : चार

वरिष्ठांनो, आमच्या चौकात माणसं गाडीखाली येतात ती तुमच्या परवानगीनं येतात. हा आरोप आहे, विनंती नाही. हकिगत खालीलप्रमाणे.

प्रादेशिक वाहतूक नियोजन कार्यालयात एक नियोजक होता. आकड्यांत पक्का, साहेबांपुढे मवाळ आणि आईपुढे दातखीळ बसणारा. एकदा वरून आदेश आला : प्रत्येक चौकाचं वार्षिक सुरक्षा-उद्दिष्ट ठरवा, उद्दिष्ट चुकलं तर बढती विसरा. नियोजकाच्या घरासमोरच्या चौकात गेल्या वर्षी चार जण जखमी झाले होते. त्यानं तीन लिहिले. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“तीन? आणि चौथा पडला तर झेलायला तुम्ही जाणार का?”

“मग शून्य लिहू, साहेब?”

“शून्य हे उद्दिष्ट नसतं, ती प्रार्थना असते. आठ लिहा.”

आठ लिहिले. वर्ष सरत आलं तरी जखमी चारच. म्हणजे उद्दिष्टाच्या निम्मे. कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त शिपायानं टाळ्या वाजवल्या नाहीत. चौथा जखमी तोच होता आणि त्याचा हात गळ्यात अडकवलेला होता.

घरी मात्र कौतुक झालं नाही. आईची धाकटी बहीण चौकापलीकडे राहायची, अंथरुणाला खिळलेली. तिला दोन घास भरवायला आई रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची.

“अरे, तिथं एक स्पीडब्रेकर टाकायला तुझ्या साहेबाच्या बापाचं काय जातं?”

“आई, नियम आहे. उद्दिष्ट संपल्याशिवाय उपाययोजना मंजूर होत नाही. अजून चार जखमी शिल्लक आहेत.”

“म्हणजे आणखी चौघं आपटली की स्पीडब्रेकर?”

“नुसतं आपटून चालत नाही. वाहन लागावं लागतं.”

आईनं स्पीडब्रेकरसाठी अर्ज ठोकला आणि कंबर कसली. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी आळी भर रस्त्यात उभी. निवृत्त कवायत-मास्तर म्हणाले, “माझा गुडघा गेलेलाच आहे, तो आधी घ्या.” शिंपीणकाकूंनी डावा हात पुढे केला, उजवा धंद्याचा. पहिला नंबर कुणाचा यावरून न्हावी आणि त्याचा मेहुणा यांच्यात जुंपली.

“भाऊजी, तुम्ही लग्नातही असेच पुढे घुसला होतात.”

“आणि अजून पस्तावतोय. आता तरी जाऊ दे.”

झालं भलतंच. रस्त्यात एवढी माणसं बघून गाड्या मुंगीच्या पावलानं जाऊ लागल्या. ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून “मावशी, सावकाश” म्हणू लागले. महिना झाला तरी कुणाला साधं खरचटलं नाही. आळी हिरमुसली. साहेब मात्र हरखले. चौक प्रदेशात सर्वात सुरक्षित ठरला, आणि इतक्या सुरक्षित चौकाला स्पीडब्रेकरची गरज नाही म्हणून आईचा अर्ज निकाली निघाला. वर नियोजकाचा सत्कार ठरला. त्याच चौकात, साहेबांच्या हस्ते.

सत्काराच्या दिवशी आळी नटूनथटून मांडवात जाऊन बसली. महिन्याभरात पहिल्यांदाच रस्ता मोकळा झाला. साहेबांना उशीर झाला होता. मोकळा रस्ता बघून त्यांची गाडी सुसाट आली. बहिणीला भरवून, लेकाचा सत्कार चुकू नये म्हणून आईही नेमकी त्याच वेळी लगबगीनं रस्ता ओलांडत होती.

पाय दोन ठिकाणी मोडला. साहेब दवाखान्यात आले, खाटेशी अदबीनं उभे राहिले आणि म्हणाले, “आजी, अजिबात काळजी करू नका. आकडा उद्दिष्टाच्या आतच आहे.”

आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. “मी कितवी रे?”

“पाचवी, आई.”

“बरं. आणि उद्या मावशीला कोण भरवणार?”

दुसऱ्या दिवशी नियोजक हातात डबा घेऊन चौकाच्या कडेला उभा राहिला. आई खाटेवर, त्यामुळे आळीही आपापल्या घरात. गाड्या पूर्वीसारख्या सुसाट. पलीकडे मावशी उपाशी. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आकड्याची भीती वाटली. शिल्लक तीन.

ती तिघं कोण, हे वरिष्ठांनी लेखी कळवावं. आणि वाचकहो, हसून झालं असेल तर तुम्हीही सांगा. तुमच्या चौकाचाही आकडा कुणीतरी ठरवलेला आहे. त्यात तुमच्या घरातलं कोण धरलंय, हे कधी विचारलंत? का नाही विचारलंत?