पुंडलिक सरांचा राहिलेला अलंकार

आमच्या धामणगाव बढे गावात भांडायचं असेल, तर आधी पुंडलिक सर जवळपास नाहीत ना, हे बघावं लागतं. सर शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. आता सारं गावच त्यांच्या वर्गात बसलेलं असतं.

एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांची जुंपली. थोरला म्हणाला, "तू साप आहेस बे." सर लगेच मध्ये पडले. "सापासारखा म्हणशील तर उपमा, सापच म्हणशील तर रूपक, जणू साप म्हणशील तर उत्प्रेक्षा. तुले नेमकं काय म्हणायचं हाय?" थोरला विचारात पडला, तोवर धाकटा जेवायला निघून गेला.

घरीही तेच. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "चहाचा बर्फ होऊन राह्यला."

"अतिशयोक्ती," सर म्हणाले. काकूंनी कप उचलून आत नेला.

सरांना दुखणं एकच, अनन्वय. म्हणजे एखाद्याला कशाचीच उपमा चालत नाही, तो आपल्यासारखा आपणच, असं म्हणणं. "पुस्तकातलं उदाहरण नको, गावातलं पाहिजे. पण भेटंन कसं? इथं सारे एकमेकासारखेच," ते मला ऐकवायचे. मी त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे पळायची सोय नव्हती. आणि गावाकडे बघून ते पटायचंही.

आमच्याकडे सरणापाशी भाषणं होतात. सरपंचांचं ठरलेलं असतं, "गावाचा आधारवड कोसळला." जन्मभर दुसऱ्याच्या ओट्यावर फुकटची बिडी ओढणाराही मेल्यावर आधारवड होतो. सर गर्दीतून म्हणायचे, "रूपक बरोबर हाय, माणूस चुकला."

गेल्या थंडीत काकू गेल्या. सरपंच बोलायला उठले आणि आधी धास्तीनं सरांकडे पाहिलं.

"मायेचा सागर आटला," ते म्हणाले.

"सागर नाही," सर म्हणाले. "पाण्याले भ्यायची ते."

"मग मायेची सावली..."

"सावली बी नाही."

"देवीसारख्या होत्या," सरपंच घाईनं म्हणाले.

"नाही हो." सर सरणाकडे बघत राहिले. "हिच्यासारखी हीच होती."

मग सवयीनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अलंकाराचं नाव सांग म्हणून. मला येत होतं. पण मी वाकून सरणावरचं एक लाकूड सारखं केलं.

"सांग ना बे," सर म्हणाले, आणि माझा हात धरून रडायला लागले.